बारा व्होल्टचा बागुलबुवा

जुन्या गाडीतला बंद पडलेला टेप स्वतः काढून नवा बसवणार, असं नुसतं बोलून दाखवलं की चार जण समजूत घालायला येतात. रोह्यात तर हमखास येतात. इथे कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं तर रस्त्यानं जाणाराही थांबतो. पहिला म्हणतो, हजार-पाचशे वाचवायला गाडी पेटवून घेशील. दुसरा म्हणतो, कंपनीची वॉरंटी जाईल. तिसरा इन्शुरन्सचं भय घालतो. चौथा सगळ्यात समजूतदार. तो खांद्यावर हात ठेवून सांगतो, "अरे, ज्याचं काम त्यानं करावं. त्या बिचाऱ्याचं पोट आहे त्यावर."

हे चारही आक्षेप इतक्या वेळा कानावर आले आहेत की एकदा त्यांना नीट उत्तर द्यावं असं वाटलं. माझं म्हणणं थोडक्यात असं: गाडी जुनी असेल आणि तिचा टेप साध्या चौकोनी खाचेतला असेल, तर तो बदलणं हे मालकाचं काम आहे. त्यात धोका आहेच, पण तो काम कोण करतो यात नसून वायरी कशा जोडल्या जातात यात आहे. आणि वायरी नीट जोडायला जो वेळ लागतो, तो दुकानदाराकडे नसतो, मालकाकडे असतो.

आधी त्या खाचेबद्दल. ती १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. जर्मनीच्या मानक संस्थेनं, म्हणजे डीआयएननं, हे माप ठरवलं. पुढे ते आयएसओ ७७३६ या नावानं जगभर चाललं. आपले दुकानदार 'सिंगल डिन' आणि दुप्पट उंचीला 'डबल डिन' म्हणतात ते यावरून. एका गाडीतला टेप दुसऱ्या गाडीत, एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या डॅशबोर्डात बसावा, एवढ्यासाठीच हे माप नेमून दिलं गेलं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत गाणी कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर आणि तिथून मोबाइलवर गेली. खाच होती तेवढीच राहिली. स्वस्तातल्या मॉडेलला तर कंपनी टेप देतच नसे. त्या जागी प्लास्टिकचं झाकण असायचं. मालकानं बाजारातून आवडेल तो टेप आणावा आणि झाकण काढून बसवावा, असा कंपनीचाच हिशेब होता. तेव्हा त्या खाचेला हात लावणं म्हणजे गाडीच्या पोटात हात घालणं, असा जो आव आणला जातो तो मुळातच चुकीचा आहे.

आता आग. हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, तिचा हाताला शॉक बसत नाही, हे खरं. पण तिची दोन टोकं एकमेकांना थेट भिडली तर त्यातून शेकडो अँपिअर वाहू शकतात, आणि मध्ये बोटातली अंगठी सापडली तर बोट भाजून निघतं. वायर जळते ती झेपेल त्याहून जास्त करंट वाहिला म्हणून. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. यासाठीच वाटेत फ्यूज असतो. टेपच्या वाटेवर बहुधा दहा किंवा पंधरा अँपिअरचा. तो टेप वाचवायला असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तो वायर वाचवायला असतो. हे एवढं ज्याला कळलं त्याला गाड्या का पेटतात तेही कळतं. उडालेल्या फ्यूजवर चंदेरी कागद गुंडाळला, पंधराच्या जागी तीसचा ठोकला, किंवा फ्यूजच्या डब्याला वळसा घालून बॅटरीवरून थेट वायर आणली, की मग वायरच फ्यूजचं काम करते आणि जळते.

ही तीन कामं करतो कोण? पहिल्यांदा डॅशबोर्ड उघडणारा माणूस इतका भ्यालेला असतो की उडालेल्या फ्यूजचा नंबर तीनदा वाचून तसाच नवा आणतो. घाई त्याला असते, ज्याच्या दारात आणखी दोन गाड्या उभ्या आहेत आणि गिऱ्हाईक घड्याळ बघतंय. सगळे दुकानदार असे नसतात, हे मान्य. डाग देऊन, स्लीव्ह चढवून, कपलरला कपलर लावून देणारेही आहेत. पण 'दुकानात केलं म्हणजे सुरक्षित' हे समीकरण कुणी मांडलं की मला अष्टमीतल्या आमच्या एका नातेवाइकांची मारुती ८०० आठवते.

त्यांचा टेप गाडी खड्ड्यात आपटली की बंद पडायचा आणि पुढच्या खड्ड्याला परत सुरू व्हायचा. मुंबई-गोवा महामार्गावर खड्ड्यांची वाण नसल्यामुळे गाणं फार वेळ बंद राहत नसे, एवढंच. टेप बाहेर ओढला तेव्हा मागे जे निघालं ते असं. कंपनीचं कपलर मुळापासून कापलेलं. वायरी बहुधा दातानंच सोललेल्या, कारण आतल्या तांब्याच्या निम्म्या तारा तुटून गेल्या होत्या. वायरीला वायर नुसती पिळलेली, ना डाग, ना स्लीव्ह. वर गुंडाळलेली काळी चिकटपट्टी उन्हानं सैल होऊन सरकली होती. तिचा डिंक बोटांना लागत होता आणि तिच्याखाली तांब्यावर हिरवट कीट चढलं होतं. कोकणातल्या चार महिन्यांच्या ओल्या हवेत उघड्या तांब्याचं दुसरं काय होणार? पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून किल्ली काढली तरी जिवंत राहणाऱ्या एका वायरीत घुसवल्या होत्या. काळी, म्हणजे अर्थिंगची वायर, रंगवलेल्या पत्र्यावर एका स्क्रूखाली दाबली होती, खालचा रंग न खरवडता. खड्ड्यात तो स्क्रू हलायचा आणि अर्थिंग जायचं.

त्या पिवळ्या-लालच्या जोडीमुळे आणखी एक दुखणं होतं. आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी उतरायची. टेपला किल्लीचा पत्ताच नव्हता, तो रात्रंदिवस थोडाथोडा करंट पीत होता. समजा तो पाव अँपिअर असेल, तर ३५ अँपिअर-तासांची छोट्या गाडीची बॅटरी सहा दिवसांत कोरडी होते. हा हिशेब चौथीतलं पोर करेल. पण दोष टेपला गेलाच नाही. 'बॅटरी जुनी झाली' असं निदान झालं आणि नवी बॅटरी आली. हे सगळं काम पैसे मोजून, दुकानात, जाणत्या हातानं झालेलं होतं. दुकान रोह्यातलं नव्हतं. नाव सांगून काही साधणार नाही.

मला गंमत वाटते ती धाटावच्या मंडळींची. रोह्याच्या कुठल्याही आळीत जा, तिथल्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं भेटतात. ज्यांच्या एका चुकीनं अख्खा प्लांट उडू शकतो अशी कामं त्यांनी केली. तीच माणसं संध्याकाळी कुंडलिकेच्या काठानं फिरताना बारा व्होल्टला भितात. आमच्या शेजारचे काका मला म्हणाले, "बाबा रे, करंटशी खेळू नये."

म्हटलं, "काका, तुम्ही जन्मभर ४१५ व्होल्टच्या पॅनेलसमोर उभे राहिलात."

"तिथे परमिट होतं ना रे."

मी तरी दुसरं काय सांगतोय? प्लांटमध्ये मोटरला हात लावण्याआधी सप्लाय तोडतात, स्विचला कुलूप घालतात, वर पाटी लावतात, सही होते, मग पाना हातात येतो. सुरक्षितता त्या शिस्तीतून येते, माणसाच्या डिग्रीतून येत नाही. गाडीतही तेच करायचं. किल्ली काढायची, दहा नंबरचा पाना घ्यायचा आणि बॅटरीचं वजा टोक सोडवून कापडात गुंडाळून बाजूला ठेवायचं. वजा आधी का? गाडीची सगळी बॉडी वजाला जोडलेली असते. अधिक टोक आधी सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. वजा आधी निघालं की मग पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. जोडताना उलट, वजा शेवटी. अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवायचं. एवढी शिस्त पाळायला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा लागत असेल तर घरात बल्ब बदलायलाही वायरमन बोलवावा लागेल.

त्यापुढचं काम हाताच्या कसबाचं कमी आणि धीराचं जास्त आहे. डॅशबोर्डाची चौकट क्लिपांवर बसलेली असते. जुन्या गाडीचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून थंडीत सकाळी सकाळी ओढू नये. गाडी थोडी उन्हात उभी राहू द्यावी, मग जुन्या एटीएम कार्डानं कडेकडेनं उचकटावी. बाजारात बसवलेला टेप असेल तर दोन्ही बाजूंच्या फटींत पातळ लोखंडी पट्ट्या सरकवल्या की आतल्या क्लिपा सुटतात आणि टेप पुढे येतो. त्या पट्ट्या टेपच्या खोक्यात मिळालेल्या असतात आणि पहिल्याच आठवड्यात हरवलेल्या असतात, हा भाग वेगळा.

मग येतात वायरी, ज्यांच्या नावानं सगळे घाबरवतात. टेपच्या बाजूला रंग ठरलेले आहेत: पिवळी कायम जिवंत, घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारी, लाल किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी अर्थिंगची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या अधिक वायरी, त्याच रंगावर काळी रेघ असली की वजा. गाडीच्या बाजूला मात्र प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, त्यामुळे तिथे डोळ्यांवर विसंबायचं नाही, मल्टिमीटरवर विसंबायचं. तपासण्यापुरतं वजा टोक परत लावायचं, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचं, काळी टोकणी बॉडीच्या उघड्या धातूला लावायची आणि लाल टोकणीनं एकेक पिन बघायची. किल्ली काढलेली असताना साडेबाराच्या आसपास दाखवते ती पिवळीची जागा. किल्ली एसीसीवर नेल्यावर जी उठते ती लालची. हेडलाइटचं बटण दाबल्यावर जी उठते ती टेपच्या दिव्याची. हिला फार जपायचं, का ते पुढे सांगतो. कागदावर लिहून घ्यायचं, वजा पुन्हा काढायचं, मग जोडायचं. गाडीचं कपलर कापायचं नाही. त्या मॉडेलचं जुळणारं कपलर बाजारात मिळतं. एका टोकाला ते गाडीत बसतं, दुसऱ्या टोकाला टेपच्या वायरी डाग देऊन आणि स्लीव्ह चढवून घरातल्या टेबलावर, पंख्याखाली बसून जोडता येतात. गाडीत बसतं ते फक्त कपलरला कपलर. उद्या जुना टेप परत लावायचा झाला तरी पाच मिनिटांचं काम.

स्पीकरच्या वायरी उलटसुलट लागल्या तर काही जळत नाही, पण एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि तबल्याचा डग्गा कुठे तरी गायब होतो. स्पीकरची अधिक-वजा वायर ओळखायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरे. स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. कागदी पडदा बाहेर उसळला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली वायर अधिक. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्यावं, त्याच्या डोळ्यांत जी चमक येते ती दुसऱ्या कशानं येत नाही. आणि एक पथ्य मात्र कडक: स्पीकरची वजा वायर बॉडीला टेकवायची नाही. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आयसी जोर लावत असतो. फार जुन्या काही टेपमध्ये वजा थेट अर्थिंगला जोडलेली असे. ती सवय लागलेले हात आजही नव्या टेपच्या आयसीचा बळी घेतात.

इतकं जाणणाऱ्या माणसाला दुकानात फसवणं अवघड जातं. खोक्यावर '४ × ६० वॅट' असं ठळक छापलेलं असतं. गाडी चालू असताना वीज मिळते साधारण १४.४ व्होल्ट. चार ओहमच्या स्पीकरला एवढ्या व्होल्टवर, कुठलाही तोटा धरला नाही तरी, स्वच्छ आवाजाचे जेमतेम २६ वॅट मिळू शकतात, प्रत्यक्षात वीस-बावीस. साठ येणार कुठून? ते फाटक्या आवाजाचे, क्षणभराचे वॅट. गिऱ्हाइकाला हे भागाकार येत नाहीत या भरवशावर खोकी छापली जातात.

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून येणारी कुईं हीही त्यातलीच. "गाडीच तशी आहे" असं सांगून वाटेला लावतात. बहुतेक वेळा ती सैल अर्थिंगमुळे किंवा आवाजाची वायर आणि बॅटरीची वायर एकाच जुडीत बांधल्यामुळे येते. विजेच्या एका वायरीचा दुसरीला त्रास होतो हे आपल्या जिल्ह्याला तरी नवं नको. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडतील, हे ओळखून १९०४ साली ते काम अलिबागला हलवण्यात आलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ट्रामच्या विजेपासून सुया वाचवायला माणसं समुद्र ओलांडून आली, आपल्याला दोन वायरींत वीतभर अंतर ठेवता येत नाही.

वॉरंटीचा मुद्दा दोन ओळींत संपायला हवा. पंधरा वर्षांच्या गाडीला वॉरंटी कुठून आली? पण नव्या गाडीवाल्यांसाठी सांगायला हवं, कारण ही भीती मुद्दाम पेरलेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं आपल्या अधिकृत जाळ्याबाहेर जाऊ देत नाहीत, अशी तक्रार होती. पुढे अपिलं झाली, दंडाचे आकडे खाली आले. पण त्या आदेशातलं एक वाक्य प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं. त्याचा आशय असा की, बाहेरच्या मेकॅनिकचा हात लागला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. आदेश बाहेरच्या मेकॅनिकबद्दल आहे, मालकाच्या स्वतःच्या हाताबद्दल नाही, हे खरं. तरी त्यामागचं तर्कशास्त्र तेच आहे: बिघाड आणि काम यांचा संबंध दाखवा, मग बोला. स्वतःच्या हातानं कपलर न कापता बसवलेला टेप असा संबंध दाखवायला फारच थोडी जागा ठेवतो. दातानं सोललेल्या वायरी भरपूर ठेवतात.

इन्शुरन्सवाल्यांचं भयही तपासून बघा. आपल्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्या गाड्यांवर फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असते. त्या पॉलिसीत तुमची गाडी तुम्ही जाळा, दुकानदार जाळो की वीज पडो, तुमच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. ज्यांची पूर्ण पॉलिसी आहे त्यांनी महागडा टेप बसवला तर तो कंपनीला कळवावा आणि पॉलिसीवर चढवून घ्यावा. मोटार टॅरिफच्या काळात अशा विजेच्या सामानासाठी वेगळं कलमच होतं, किमतीच्या चार टक्के प्रीमियम भरून टेप विम्यात यायचा. न कळवलेला टेप विम्याबाहेर राहतो, मग तो कुणीही बसवलेला असो. राहिला प्रश्न आगीनंतरच्या पाहणीचा. सर्व्हेअर काम कुणी केलं ते विचारेल, तेव्हा दुकानाचं पक्कं बिल असेल तर ते उपयोगी पडेल, हे मी मान्य करतो. पण किती जणांकडे टेप बसवल्याचं पक्कं बिल आहे? खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला आकडा म्हणजे बिल नव्हे.

आता त्या खांद्यावर हात ठेवणाऱ्याकडे वळतो, कारण खरा राग मला त्याच्याच युक्तिवादाचा येतो. ज्याचं काम त्यानं करावं! गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं पोट टेप बसवण्यावर चालतं, असं ज्याला वाटतं त्यानं त्याच्या गॅरेजात तासभर बसून यावं. स्टार्टर, अल्टरनेटर, जळालेलं वायरिंग, हॉर्न, वायपर, ट्रकचे दिवे. जुलै २०२१ च्या पुरात महाड-चिपळूणला गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. अशा गाडीतलं चिखलानं भरलेलं एकेक कपलर धुऊन, सुकवून ती पुन्हा रस्त्यावर आणणं हे त्याचं काम. तिथे मी त्याच्यापुढे हात जोडतो आणि मागेल ते पैसे देतो. माझ्या टेपच्या सोळा पिना जोडून त्याचं पोट भरतं असं म्हणणं हा त्याच्या कसबाचा अपमान आहे.

आणि या दयेच्या आड दुसरंच काही तरी दडलेलं असतं. हिशेब लिहिणारे वेगळे, हात काळे करणारे वेगळे, ही आपल्या समाजाची फार जुनी वाटणी. शिकलेल्या माणसानं पाना धरला तर त्याला कंजूष ठरवायचं किंवा चक्रम. या वाटणीला धक्का देणारी माणसं आपल्याकडेच झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत ड्रॉइंग शिकवणारे मास्तर. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे महाराष्ट्रातला मोठा कारखानदारी पसारा त्यातून उभा राहिला. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरची संशोधकाची नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रमात खेड्यातली मुलं वायरिंग, वेल्डिंग, बांधकाम करत करत विज्ञान शिकू लागली. शाळेतल्या मुलीनं बोर्डावर होल्डर जोडून दाखवला की आपण तिचं कौतुक करतो, फोटो काढतो. मग तिच्या बापानं गाडीचा टेप जोडला तर तोंडं का वाकडी होतात?

हे शिकण्याचा उपयोग टेपपाशी थांबत नाही. मघाशी दिव्याच्या वायरीबद्दल म्हटलं ते यासाठी. बऱ्याच गाड्यांत ती मागच्या पार्किंग दिव्यांच्याच फ्यूजवर असते. टेपमागे ती उघडी राहून पत्र्याला टेकली की फ्यूज उडतो आणि मागचे दिवे जातात. रात्री नागोठण्याहून रोह्याला येताना भिसे खिंडीत, पावसात, मागून ट्रक आणि तुमच्या गाडीला मागे दिवाच नाही. पुढचे हेडलाइट व्यवस्थित चालू, त्यामुळे तुम्हाला पत्ताही नाही. ज्यानं एकदा स्वतः टेप बसवला आहे त्याला फ्यूजचा डबा कुठे आहे, कुठला फ्यूज कशाचा आहे, आणि झाकणात जादा फ्यूज ठेवायचे असतात, हे माहीत असतं. ज्यानं दुकानात बसून चहा पिता पिता बसवून घेतला त्याला टेपचा पासवर्ड माहीत असतो.

मी कुठे थांबतो तेही सांगायला हवं, नाही तर उद्या कुणी नव्या गाडीचा डॅशबोर्ड खोलून माझ्या दारात आणेल. पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळं कपलर दिसलं तर ते एअरबॅगचं असतं. त्याला मीटरही लावायचा नाही. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली, पण त्याआधीच्या अनेक गाड्यांतही ती आहे. ज्या गाडीत एसीचे आकडे, रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं एकाच पडद्यातून चालतात, तिथे घरगुती प्रयोग नकोत. मोठा ॲम्प्लिफायर आणि डिकीत सबवूफर बसवायचा असेल तर बॅटरीपासून जाड वायर आणावी लागते आणि तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज लागतो. ते काम जाणकाराचं. आणि ज्याला मीटरवरचा डीसी आणि एसी यांतला फरक कळत नाही, त्यानं आधी तो समजून घ्यावा.

आणखी एक आक्षेप आहे, जो कुणी घेत नाही पण घ्यायला हवा. स्वतः बसवायचं म्हटलं की लोक दहा इंची अँड्रॉइडचा पडदा घेऊन येतात, लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळाला म्हणून. आवाज कमी करायला त्याच्यावर बोट नेमकं कुठे ठेवायचं हे बघावं लागतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटून गेलं तरी डायव्हर्जनच्या पाट्या हलल्या नाहीत. अशा रस्त्यावर नजर पडद्यावर नेणारा माणूस मला नको, तो टेप कुणीही बसवलेला असो. माझी पसंती गोल बटणाच्या साध्या सिंगल डिन टेपला. अंधारात चाचपून फिरवता येतं, ब्लूटूथ असतं, आणि पावसात नेटवर्क गेल्यावर रेडिओ तरी लागतो. यावर माझ्याच घरात मतभेद आहेत.

एका गोष्टीवर मात्र आक्षेप घेणाऱ्या चौघांनीही माझ्या बाजूनं उभं राहावं. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टु रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारी हे एक क्षेत्र आहे. माझी मागणी भलीमोठी नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत फ्यूजचा तक्ता छापतात, टायरची हवा छापतात, टोइंगचा हुक कुठे अडकवायचा त्याचं चित्र छापतात. टेपमागच्या कपलरच्या सोळा पिनांचा तक्ता मात्र छापत नाहीत. अर्ध्या पानात मावेल. तो छापला तर मालकाला मीटर घेऊन चाचपडावं लागणार नाही आणि दुकानातल्या घाईतल्या पोरालाही कपलर कापायला कारण उरणार नाही. कंपनीनं तो का छापू नये, हे मला अजून एकाही माणसानं पटवून दिलेलं नाही. ज्याला पटवता येईल त्यानं जरूर यावं. रविवारी सकाळी मी बहुतेक वेळा कुणाच्या तरी डॅशबोर्डाखाली असतो.